गांजाच्या पानांचा हिशेब: ऑन्टारिओतल्या एका छोट्या परवान्यावरच्या कचरा-नोंदी, सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३

मी मूळची तासगाव तालुक्यातली. राहुरीला बी.एस्सी. ॲग्री केलं, मग इकडे ऑन्टारिओत हरितगृहाचा डिप्लोमा. लेमिंग्टनच्या पट्ट्यात टोमॅटो-काकडीच्या काचघरांत तीन वर्षं काढल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये एका छोट्या गांजा-उत्पादकाकडे साठा आणि कागदपत्रं सांभाळायला लागले. परवाना मायक्रो-कल्टिव्हेशनचा, म्हणजे त्या वेळच्या नियमाप्रमाणे झाडांखाली जास्तीत जास्त २०० चौरस मीटर. फुलांच्या तीन खोल्या, आम्ही सहा माणसं.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हा धंदा कायदेशीर आहे. पीक कसं घ्यायचं यावर ढीगभर माहिती मिळते. पिकातून निघालेला पाला, काड्या, बुरशी लागलेली फुलं यांचं काय करायचं, यावर मात्र कुणी मन लावून लिहीत नाही. आपल्याकडची कृषी पदवी घेतलेली बरीच मुलं-मुली इकडे या कामाला लागतात, त्यांना ही वही उपयोगी पडावी म्हणून जशी होती तशी उतरवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: मार्च २०२५ मध्ये नियमांत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. या नोंदी त्याआधीच्या आहेत. कामाची रीत इथून घ्या, नियमाचा मजकूर मात्र आजचा उघडून वाचा.

६ सप्टेंबर २०२२, मंगळवार

पहिला दिवस. हातात आलं ते असं: एक रजिस्टर, चार निळे पिंप, मांजराच्या वाळूच्या नऊ पिशव्या आणि ३० किलोचा टेबलकाटा. रजिस्टरमध्ये ऑगस्टच्या पानावर 'कचरा, १ मोठी पिशवी' अशा सात ओळी. वजन दोनच ठिकाणी लिहिलेलं, साक्षीदारांच्या सह्या सगळीकडे एकाच शाईत.

दर महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हेल्थ कॅनडाच्या सीटीएलएस या प्रणालीत भरावा लागतो. महिन्याच्या सुरुवातीला किती माल होता, किती वाढला, किती विकला, किती नष्ट केला, शेवटी किती उरला. झाडं नगावर, ताजा आणि सुका माल किलोवर. 'नष्ट केला' हा रकाना चुकला की बाकीचे सगळे रकाने त्याच्या मागे लंगडतात. ऑगस्टचा रकाना कशाच्या आधारावर भरायचा हे कुणालाच सांगता येईना. नऊ दिवस हातात.

मालकीणबाईंना सांगितलं की ऑगस्टचं जे कागदावर आहे तेवढंच भरू, जे नाही ते 'नोंद अपुरी' असं आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवू. अंदाजाने आकडा घालायचा नाही. त्यांना ते पटलं.

१२ सप्टेंबर, सोमवार

पहिली चूक माझीच.

शुक्रवारी दोन नंबरच्या खोलीत पानछाटणी झाली. मोठी पानं जाळीच्या पिशवीत भरली, वजन ११.४० किलो. मी लगेच 'नष्ट' रकान्यात ११.४० लिहून टाकलं आणि प्रत्यक्ष काम सोमवारवर ढकललं. आज सवयीने पुन्हा काट्यावर ठेवली तर ९.८५. दीड किलोहून जास्त माल कागदावर आहे आणि पिशवीत नाही.

पाणी उडालं हे मला कळतं. तासगावात वाढलेल्या पोरीला हे काय नवीन, चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. कॅनडाच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही १ ग्रॅम सुक्या मालाबरोबर ५ ग्रॅम ताजा माल धरला आहे. पण तपासनीस आला तर त्याला 'पाणी उडालं' एवढं सांगून भागत नाही. कुणी मूठभर काढून नेलं असतं तरी काट्याने हेच दाखवलं असतं.

नियम सांगतो की नष्ट करण्याआधीचं निव्वळ वजन नोंदवा. म्हणजे शुक्रवारचा आकडा त्या रकान्यात लिहिणं चूकच होतं. आजपासून दोन वजनं: एक झाडावरून उतरल्या उतरल्या, दुसरं नष्ट करण्याच्या क्षणी. मधल्या फरकाला वेगळी ओळ.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

फरक किती 'असायला हवा' हे माहीत नसेल तर ती ओळ निरुपयोगी. म्हणून आठवडाभर एक चाचणी केली. सोमवारी एकाच खोलीतली ताजी पानं तीन ठिकाणी पाच-पाच किलो भरली, कुलूपबंद जाळीखोलीत ठेवली, रोज सकाळी वजन. शुक्रवारी मिळालेले आकडे:

जाळीची पिशवी ३.६२ किलो. कागदी पिशवी ४.२१. झाकणाची बादली ४.९७.

झाकणाच्या बादलीत वजन टिकतं, पण चौथ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पानं तळाशी काळी पडून चिकट झालेली. म्हणजे बादली वजनाला चांगली, साठवायला वाईट. ठरवलं ते असं: ताजा कचरा झाकणाच्या बादलीतच, झाकणाला आकडेवाली प्लास्टिकची सीलपट्टी, आणि २४ तासांच्या आत नष्ट. हे २४ तास कायद्यातले नव्हेत, आमच्या पानांनी सांगितलेले आहेत. सीलपट्ट्या ५०० नगांना ४८ डॉलर.

२१ सप्टेंबर, बुधवार

मांजराच्या वाळूबद्दल. इथे पुष्कळ ठिकाणी हीच रीत आहे: कचरा, वाळू आणि पाणी एकत्र कालवायचं, पिशवी बांधायची, गाडीवाल्याला द्यायची. गांजा 'नष्ट' कधी म्हणायचा तर त्याचं सेवन अशक्य किंवा जवळजवळ अशक्य होईल इतकं त्याचं रूप बदललं की. सोमवारी आम्ही ६ किलो सुकी छाटण अशी कालवली होती. दोन साक्षीदार, सह्या, सगळं रीतसर.

आज गाडी यायच्या आधी मी एक पिशवी उघडून आत हात घातला. अंगठ्याएवढं एक अख्खं फूल निघालं. वरून राखाडी माती लागलेली, भस्म फासल्यासारखी. ब्रशने झटकलं तर आतून हिरवं, केसर शाबूत, वास शाबूत. मी ते तसंच तळहातावर धरून सुरक्षाप्रमुखांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं काही बोलणंच केलं नाही.

वाळूला दोष नाही. कचरा बारीक केल्याशिवाय कालवला, हा दोष. पिशव्या परत घेतल्या, गाडीवाल्याला रिकामं पाठवलं. फेरीचे पैसे मात्र द्यावे लागले, २४० डॉलर. प्रत्येक कापणीला चौदा पिशव्या वाळू, सुमारे २२४ डॉलर, ही रक्कमही आज पहिल्यांदा मांडून बघितली.

जाळून का टाकत नाही, असं बागेतल्या पोराने विचारलं. नष्ट करताना कुणालाही गांजाच्या धुराचा किंवा वाफेचा संपर्क होता कामा नये, असं नियमात स्पष्ट लिहिलं आहे. उघड्यावर पेटवण्याचा विषयच येत नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

जुनं फांद्या बारीक करायचं यंत्र घेतलं, ४५० डॉलर. दोन नंबरची खोली कापायला आली, ९६ झाडं. सकाळी नऊला सुरू केलं, नऊ वाजून वीस मिनिटांनी यंत्र घर्र करून थांबलं. प्लग काढून झाकण उघडलं. पात्यांच्या दांड्याभोवती हिरवट-पांढरा धागा असा गच्च गुंडाळलेला की चाकूने कापावा लागला. दोन तास गेले. पुन्हा सुरू केलं, पंधरा मिनिटांत पुन्हा तेच.

घरी रात्र झालेली, तरी दादाला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे म्हशींसाठी कुट्टीचं यंत्र आहे, त्याची पाती तोच लावतो. त्याला दांड्यावरचा गुंता दाखवला.

"अगं, हे वाखाचं पीक ना? कुट्टीत अंबाडी घातलीस तर असंच होणार. हा कडबा नव्हे."

"मग करू काय?"

"आधी वीत-वीत तुकडे कर, लांब काडी घालूच नको. आणि पातं आणि खालची पट्टी यांच्यातली फट दाखव मला."

दाखवली. माझ्या करंगळीचं नख आत जात होतं.

"एवढी फट असेल तर धागा कापला जाणारच नाही, ओढला जाईल. कागद जेमतेम सरकेल इतकी ठेव. पातंही बोथट झालंय, कड बघ कशी चमकतीय."

नवं पातं ६२ डॉलर. आजचा दिवस गेला. कापलेली झाडं वाळवणीच्या खोलीत टांगली, कचऱ्याच्या बादल्या सील करून जाळीखोलीत, चौघांचा पगार फुकट.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

पातं बदललं, फट बसवली. पानं आणि बारीक फांद्या आता व्यवस्थित निघतात, दोन सेंटिमीटरच्या आत. ओल्या पानांबरोबर मध्ये-मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे घातले की चिकट लगदा जाळीला धरत नाही. जाड खोड मात्र अजून त्रास देतं.

त्यावर उपाय यंत्रात नव्हता, कायद्यात निघाला. कॅनबिस ॲक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणता भाग गांजा धरायचा नाही याची यादी आहे: न उगवणारं बी, पान-फूल-बी-फांदी नसलेलं पक्व खोड, त्या खोडाचा धागा, आणि मुळं. म्हणजे साफ सोललेलं खोड कायद्याच्या दृष्टीने गांजाच नाही. ते नष्ट करण्याच्या हिशेबात येत नाही, यंत्रात घालायची गरज नाही.

सगळे खूश. दुपारपर्यंत ९६ खोडं सोलून अंगणात रचली. मी एकेक हातात घेऊन फिरवून बघितलं तर ३१ खोडांवर काही ना काही राहिलेलं. कुठे बगलेत नखाएवढं पान, कुठे दोन इंच फांदीचा खुंट. परिशिष्टात 'फांदी नसलेलं' असं लिहिलं आहे, 'बहुतेक फांद्या नसलेलं' असं नाही. ३१ खोडं परत आत आणली आणि पुन्हा सोलली. यापुढे खुंट खोडाला लागून छाटायचा, आणि रचण्याआधी दुसऱ्या माणसाने खोड गोल फिरवून बघायचं.

मुळांचंही तसंच. आम्ही नारळाच्या भुशात झाडं लावतो. बुंधा सगळ्यात खालच्या फांदीच्या खाली कापला तरच कुंडीत फक्त मूळ आणि सोललेला खुंट उरतो. एक बोट वर कापलं की त्या कुंडीत गांजा उरला.

दोघांना तीन तास लागले. २२ किलो खोड यंत्रातून वाचलं. खोडांना कायद्याने नोंद लागत नाही, तरी मी वजन आणि फोटो ठेवते. २२ किलो माल फाटकाबाहेर जाताना कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

वाळूचा खर्च वाचवायला बोकाशी करून बघायचं ठरलं. गव्हाच्या कोंड्याला काकवी आणि विशिष्ट जिवाणूंचं विरजण लावलेलं असतं, ते बारीक केलेल्या पाल्यात थराथराने घालायचं, पिंप बंद करायचं. आंबून दोन-तीन आठवड्यांत पाला ओळखू येत नाही. १२० लिटरचे आठ पिंप आणले, आवळपट्टीच्या झाकणाचे, प्रत्येकी ५५ डॉलर.

ही नोंद जरा सविस्तर, कारण इथे मी शिकलेलं तेच मला नडलं.

राहुरीत नाडेप ही कंपोस्ट खताची रीत शिकलेले. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची पद्धत: विटांच्या टाक्याला भोकं ठेवायची, हवा खेळली पाहिजे. ते मनात इतकं बसलेलं की पिंप भरल्यावर मी स्वतः ड्रिल घेऊन तीन पिंपांच्या बाजूला बारा-बारा भोकं पाडली. बोकाशी बरोबर उलटी. तिला हवा अजिबात चालत नाही, लोणच्याच्या बरणीसारखं दाबून हवाबंद करावं लागतं.

नऊ दिवसांनी, म्हणजे आज, तिन्ही पिंपांतून अमोनियाचा आणि सडक्या कोबीचा मिळून वास. वर पांढरी नव्हे, काळी-हिरवी बुरशी. तळाशी चार बोटं पाणी, कारण ताज्या पाल्यात पाणीच जास्त आणि निचऱ्याला तोटी नाही. वास फाटकापर्यंत. रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याने येऊन शांतपणे विचारलं, काही मेलंय का.

कायद्याने हा माल ९ तारखेलाच नष्ट झालेला होता, कारण आम्ही नष्ट होण्याची तारीख बारीक करून कोंडा-भुशात कालवण्याची धरतो, कुजून पूर्ण होण्याची नाही. कालवणं दोन साक्षीदारांसमोर, तीच तारीख रजिस्टरला. हे आधी ठरवलं होतं म्हणून फक्त घाण झाली, हिशेब बिघडला नाही.

तीन पिंप बाद. उरलेल्या पाचांना तळाशी तोटी, झाकणाला रबर. थर असे: चार बोटं पाला, वर मूठभर कोंडा, वर वापरलेला कोरडा नारळभुसा, मग लाकडी फळीने दाबायचं. भुसा फुकटच आहे, दर कापणीला कुंड्यांतून निघतो. आधी मुळं चाळून काढायची.

३ नोव्हेंबर, गुरुवार

आतापर्यंतचा सगळ्यात वाईट दिवस.

एक नंबरच्या खोलीची सुकी छाटण. काल संध्याकाळी पहिलं वजन ४.५८ किलो. आज दुपारी चारला नष्ट करण्याआधी ३.४०. फरक १.१८ किलो, आणि हा माल सुका. सुक्याला रात्रीतून फार तर वीस-तीस ग्रॅम घट येते. सील शाबूत होतं, आकडा जुळत होता.

चोरी झाली, किंवा नेहमीच्या कामकाजातून उलगडा होत नाही असा माल हरवला, तर कळल्यापासून २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं आणि १० दिवसांत मंत्र्यांना, म्हणजे हेल्थ कॅनडाला, लेखी. मी घड्याळ बघितलं आणि वहीत '१६:०५, फरक कळला' असं लिहिलं. मग मालकीणबाईंना फोन.

आम्ही सगळे थांबलो. नष्ट करायचं थांबवलं, माल परत सील केला. इतक्या छोट्या परवान्याला कॅमेऱ्याची सक्ती नाही, तरी मालकांनी जाळीखोलीच्या दारावर एक बसवलेला होता. रात्री नऊपर्यंत त्याचं चित्रण बघितलं. काल संध्याकाळी सहा ते आज दुपारी चार, दाराजवळ कुणीही गेलेलं नाही. बागेतला तो पोरगा खुर्चीवर बसून होता, शेवटचं पिंप त्याने उचललेलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पोलिसांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी लिहून ठेवला.

साडेदहाला पुन्हा काट्यापाशी आले. कालचा टप काट्याशेजारी धुऊन उपडा ठेवलेला. करड्या रंगाचा, कडेला एक चीर. काटा शून्य केला आणि तो रिकामा टप वर ठेवला.

१.१८.

काल संध्याकाळी टपाचं वजन वजा न करताच वजन लिहिलं होतं. पहिली सही माझी. एरवी आम्ही पांढरा टप वापरतो, त्याचं वजन काट्यात साठवलेलं आहे. काल तो धुवायला गेलेला, म्हणून करडा घेतला आणि बटण दाबायचं राहिलं.

उलगडा झाला, तोही २४ तासांच्या आत, म्हणून पत्र गेलं नाही. त्याच रात्री पूर्ण टिपण लिहिलं: किती वाजता काय कळलं, काय बघितलं, कारण काय, फोटो. ते फाइलमध्ये आहे. पोराला मी घरी जाण्याआधी भेटून सांगितलं की चूक माझ्या हातची होती.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे टप एकाच जातीचे घेतले. प्रत्येकाचं रिकामं वजन ऑइलपेंटने बाजूला रंगवलं. रजिस्टरला तीन रकाने: टपासकट, टपाचं, निव्वळ. काटा रोज सकाळी २० किलोच्या प्रमाणित वजनांनी तपासायचा, वजनांचे १३० डॉलर. मालकांनी न कुरकुरता दिले.

१४ नोव्हेंबर, सोमवार

नियमाप्रमाणे दोन पात्र साक्षीदारांसमोर नष्ट करायचं आणि दोघांनी तसं निवेदन सही-तारखेसह द्यायचं. आज दुसऱ्या साक्षीदाराला मध्येच फोन आला, ते दहा मिनिटं बाहेर गेले. यंत्र चालूच राहिलं. शेवटी येऊन सही करायला पेन उचललं तेव्हा मी थांबवलं. जे बघितलं नाही त्यावर सही कशी?

त्या दहा मिनिटांतला माल पुन्हा आणता येत नाही. मग असं केलं: पिंप पालथं करून सगळा माल ताडपत्रीवर पसरला, दोघांनी बघितला, दोघांसमोर पुन्हा यंत्रातून काढून कालवला. निवेदनात जे घडलं ते वेळेसकट लिहिलं, मधला खंडही लिहिला. दीड तास जास्त गेला. आता दोघांचेही फोन बाहेरच्या टोपलीत, आणि एक जण हलला की यंत्राचं बटण बंद. रजिस्टरची सप्टेंबरआधीची एकाच शाईतली पानं आठवली की वाटतं, हे कुणीतरी आधीच करायला हवं होतं.

१२ डिसेंबर, सोमवार

तीन नंबरच्या खोलीत राखाडी बुरशी. द्राक्षांच्या घडात पावसाळी हवेत शिरते तीच, बोट्रायटिस. फुलं भरगच्च, आर्द्रता रात्री वाढलेली, आतून कुजत गेली. ११ झाडं काढायची. त्याशिवाय आधीच्या एका लॉटचा बुरशीच्या तपासणीत निकाल वाईट आला, सुका माल ८.३० किलो. एवढा पिकवलेला माल यंत्रात घालताना कुणीही बोललं नाही.

गोंधळ झाला तो मोजण्यात. माझ्या मदतनिसाने ११ झाडं कापून, फुलं-पानं वेगळी करून किलोवर लिहिली. झाडं साठ्यात नगावर आहेत. ती नगावरच कमी झाली पाहिजेत, नाहीतर महिनाअखेरीला कागदावर ११ झाडं जिवंत राहतात आणि किलोचा माल कुठूनतरी जन्माला आल्यासारखा दिसतो. आता झाडाची चिठ्ठी आधी कापून रजिस्टरला चिकटवायची, मगच कोयता लावायचा.

बुरशीचा माल वेगळ्या पिंपात, झाकण लावून, सगळ्यात शेवटी यंत्रात. नंतर यंत्र धुऊन पुसून घेतलं. हे केलं नाही तर बीजाणू पुढच्या खोलीत जातात.

बाहेर उणे दहा. पडवीतले पिंप गोठले, आंबणं बंद. हाताने ठोकलं तर दगडासारखा आवाज. पाच पिंप यंत्रखोलीत आत घेतले, जागा गेली पण दुसरा मार्ग नव्हता.

१३ जानेवारी २०२३, शुक्रवार

डिसेंबरचा हिशेब दोन दिवस आधी भरला. सुरुवातीची शिल्लक, वाढ, विक्री, वाळवणीतली घट, नष्ट, अखेरची शिल्लक. कपाटातला माल प्रत्यक्ष मोजला: कागदापेक्षा ४० ग्रॅम कमी, त्याचं कारण वाळवणीच्या ओळीत सापडलं. झाडं ग्रॅमसारखी लपत नाहीत, ती नगाला नग जुळली.

रात्री आईशी बोलताना सांगितलं की हिशेब लागला. तिला अजून कुणाला नीट सांगता येत नाही मी काय करते. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली ज्याला तुरुंग आहे त्याचा पाला मी इथे मोजते, हे गावात कसं सांगायचं? ती बेदाण्याच्या शेडवर वजनं लिहायची, लाकडी पेटीचं वजन आधी पेटीवर खडूने लिहून. मी टपांवरच्या रंगाचं सांगितलं. "मग एवढे दिवस लिहीत नव्हता होय?" म्हणाली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

खर्च मांडते. एकदाच झालेला: यंत्र ४५०, पातं ६२, पिंप ४४०, सीलपट्ट्या ४८, वजनं १३०. एकूण १,१३० डॉलर, त्यातले तीन पिंप माझ्या ड्रिलमुळे वाया. आधी दर कापणीला वाळू २२४ आणि गाडी २४०. आता कोंडा आणि काकवी मिळून साधारण ७०, आणि गाडी दोन कापण्यांमागे एकदा, कारण आंबलेला माल दबून बसतो आणि खोडं वेगळी जातात. कापणीच्या दिवशी कचऱ्यावर जाणारे माणसांचे तास नऊवरून पाचवर आले. गाडीवाला बदलताना त्याच्याकडे प्रांताची पर्यावरण मंजुरी आहे का ते कागद मागून बघा आणि प्रत फाइलला लावा. आम्ही जुन्याकडे कधी मागितलीच नव्हती.

नष्ट केल्याच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात. मी त्या दोन ठिकाणी ठेवते, एक प्रत कार्यालयात, एक मालकीणबाईंच्या घरी लोखंडी पेटीत.

पिंप क्रमांक चारची तोटी कालपासून ठिबकते. खाली बादली ठेवली आहे. रबरी वॉशर मागवलाय, सोमवारी येईल.